बारा मीटरच्या शेडसाठी सिझर, बूम की आणखी काही?

चाकणजवळच्या एका कारखान्यात देखभाल विभाग सांभाळणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे. मे महिन्यातल्या शटडाऊनमध्ये त्यांना तीन कामे उरकायची आहेत. छताखालचे दिवे बदलायचे, फुटलेले चाळीसेक सिमेंटचे पत्रे काढून तिथे लोखंडी पत्रे बसवायचे आणि बाहेरच्या अंगाची पन्हळ दुरुस्त करायची. शेड कडेला ९ मीटर आणि मध्ये १२ मीटर उंच. आत यंत्रांच्या रांगा, त्यांच्यामध्ये सव्वादोन मीटरची वाट, वरून ईओटी क्रेन, म्हणजे छताखाली रुळांवर सरकणारी विजेवरची क्रेन. एक भाडेवाला म्हणतो चाळीस फुटी सिझर घ्या, दुसरा म्हणतो बूमशिवाय व्हायचे नाही, आणि जुना कंत्राटदार म्हणतो, हायड्राला पिंजरा बांधतो, दोन दिवसांत मोकळे. त्यांचा प्रश्न असा: माणसाला उंचावर नेणाऱ्या या यंत्रांचे एकूण प्रकार किती आणि आम्ही कोणता घ्यावा?

मी या धंद्यात २२ वर्षे आहे. पहिली काही वर्षे या यंत्रांचा मेकॅनिक म्हणून गेली, पुढे ऑपरेटर घडवण्याचे काम करतो आहे. आधी हायड्राचे सांगतो, कारण बाकीचे उशिरा वाचले तरी चालेल.

हायड्रा, म्हणजे चाकांवर फिरणारी छोटी क्रेन, माल उचलण्यासाठी आहे. तिच्या हुकाला वेल्डिंग करून बनवलेला पिंजरा लटकवला की तो वाऱ्याने फिरतो, गाडी हलली की झोके घेतो, आणि आतल्या माणसाच्या हातात एकही बटण नसते. खाली केबिनमधल्या ड्रायव्हरला वरचे नीट दिसत नाही. हायड्रॉलिक पाइप फुटला, दोर तुटला किंवा पिंजऱ्याची कडी उघडली, तर त्याला थांबवणारे दुसरे काही नाही. फोर्कलिफ्टच्या काट्यांवर पॅलेट ठेवून माणूस चढवण्याचा प्रकारही त्याच पंगतीतला. माणूस उचलायला बनवलेल्या यंत्रात टोपली नेहमी समतल राहते, चालवणारा स्वतः टोपलीत असतो, पॅडल किंवा बटण सोडले की सगळे थांबते, आणि इंजिन बंद पडले तरी खाली यायची वेगळी सोय असते. यातले हायड्रात काहीच नाही. त्या कंत्राटदाराला पन्हळीचे सामान वर पोचवायला बोलवा, माणूस चढवायला बोलवू नका.

आता प्रकारांकडे. भाडेवाल्याला फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "किती फुटी पाहिजे?" मी शिकवताना हा प्रश्न शेवटी ठेवायला सांगतो. आधी बघायचे ते चाकाखाली काय आहे, आणि मग चाकापासून कामाच्या जागेपर्यंत मध्ये काय आडवे येते. या दोनांची उत्तरे मिळाली की यंत्राचा प्रकार बहुतेक वेळा आपोआप ठरतो. उंची मग कॅटलॉगमधून बघता येते.

आंतरराष्ट्रीय वर्गवारीही उंचीवर नाही, याच गोष्टीवर उभी आहे. टोपलीचा मध्य जर कायम चाकांच्या चौकटीच्या आतच राहत असेल तर ते यंत्र गट अ. टोपली चौकटीबाहेर जाऊ शकत असेल तर गट ब. पुढे प्रत्येक गटात तीन पोटप्रकार आहेत. टोपली पूर्ण खाली घेतल्यावरच गाडी हलवता येते तो पहिला. टोपली वर असताना गाडी हलते, पण खालच्या चॅसीवरून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरून, चालवावी लागते तो दुसरा. वर उभ्या माणसाला तिथूनच गाडी चालवता येते तो तिसरा. तुमच्याकडे येणारे सिझर म्हणजे ३-अ आणि बूम म्हणजे ३-ब. आयपाफ या १९८३ साली स्थापन झालेल्या, या यंत्रांच्या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ऑपरेटर कार्डावरही हेच लिहिलेले असते. ज्याच्या कार्डावर फक्त ३-अ आहे त्याला बूमवर चढवू नका. दोन्हींची हाताळणी वेगळी आहे. ते कार्ड पाच वर्षे चालते, म्हणून तारीखही बघा.

गट अ मधले सर्वांत धाकटे म्हणजे मास्ट लिफ्ट. एकात एक सरकणाऱ्या खांबावर एका माणसाची टोपली. काही ढकलून न्यायच्या, काही स्वतः चालणाऱ्या. गोदामात, रुग्णालयात, मॉलच्या दुकानात जिथे आजवर घोडा लावून काम चालायचे तिथे ही छान बसते. चार-पाच मीटरच्या कामासाठी घोड्यावर उभे राहून मान मोडण्यापेक्षा हजारपट बरी. त्यांतल्या बहुतेक तुमच्या उंचीला मात्र पुरणार नाहीत.

मग सिझर. कात्रीसारख्या पट्ट्या एकमेकींवर उघडत जातात आणि फळी सरळ वर जाते. बॅटरीवरचे सिझर कारखान्याच्या आतल्या कामाचा कणा आहे. धूर नाही, पांढरी किंवा राखाडी टायर फरशीवर डाग पाडत नाहीत, आणि फळीवर दोन माणसे व सामान मोकळेपणाने मावते. त्याचे नाव वाचायला शिका, म्हणजे भाडेवाल्याच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही. जिनी कंपनीच्या जीएस-१९३० मध्ये १९ म्हणजे फळीची उंची १९ फूट आणि ३० म्हणजे यंत्राची रुंदी ३० इंच. जीएस-३२४६ म्हणजे फळी ३२ फुटांवर, रुंदी ४६ इंच. इथे एक गफलत नेहमी होते. ३२ फूट ही फळीची उंची आहे. त्यावर उभ्या माणसाचा हात पोचतो ती कामाची उंची सुमारे दोन मीटर जास्त धरतात. भाडेवाल्यांपैकी कोणी फळीची उंची सांगतो, कोणी कामाची, आणि दोघेही खरेच बोलत असतात. म्हणून "चाळीस फुटी" म्हणजे कुठली उंची, ते कागदावर लिहून घ्या.

सिझरचा दुसरा भाऊ डिझेलवरचा, जाड खाचांच्या टायरचा, चार चाकांना ताकद असलेला, बांधकामाच्या खडबडीत जागेसाठी. त्याची फळी मोठी असते आणि वजन जास्त झेलते. आतल्या कामाला तो आणू नका. बंद शेडमध्ये डिझेलचा धूर छताखालीच साठतो, म्हणजे नेमका जिथे तुमचा माणूस उभा असणार तिथे.

सिझर फक्त सरळ वर जाते. खाली लेथ उभा आहे आणि दिवा बरोबर लेथच्या डोक्यावर आहे, तर सिझर तिथे उभे करायला जागाच नाही. पुढे सरकणारी फळी जेमतेम ९० सेंटिमीटर बाहेर येते, आणि लहान यंत्रांत त्या सरकत्या भागावर फक्त ११३ किलो चालतात, म्हणजे हत्यारे घेतलेला एक माणूस. तरीही मी पाहिले आहे की माणसे कठड्याच्या मधल्या दांडीवर चढतात आणि बाहेर वाकून हात पोचवतात. ज्या कामाला वाकून हात पोचवावा लागतो, तिथे यंत्र चुकीचे आलेले असते. ऑपरेटरला रागावून तिथे काही उपयोग नाही.

इथून गट ब सुरू होतो. आर्टिक्युलेटिंग बूम, म्हणजे कोपरातून वाकणारा हात. आधी सरळ वर जायचे, मग अडथळ्याच्या वरून पलीकडे जायचे. याला 'अप अँड ओव्हर' म्हणतात, आणि तुमच्या दिव्यांना नेमके हेच हवे आहे. झेड-४५/२५ या नावात ४५ म्हणजे टोपलीची उंची फुटांत आणि २५ म्हणजे आडवी पोच फुटांत. पण नावातले दोन्ही आकडे एकाच वेळी मिळत नाहीत. पूर्ण उंचीवर पोच कमी, पूर्ण पोचीवर उंची कमी. प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत एक आलेख असतो, डोंगराच्या कडेसारखी वाकडी रेघ काढलेला. त्यावर तुमच्या शेडचा छेद त्याच मापाने काढून ठेवा. दिवा रेघेच्या आत आला तर काम होईल, बाहेर गेला तर नाही. पंधरा मिनिटांचे काम आहे, आणि ते केल्यामुळे चुकीचे यंत्र परत पाठवण्याचे ट्रेलरभाडे वाचते.

टेलिस्कोपिक बूम सरळ दुर्बिणीसारखा लांब होतो. कोपर नाही, पण पोच दांडगी. ६५ फुटी यंत्र आडवे सतरा मीटर जाते. पूल, साखर कारखान्याची चिमणी, मोठ्या टाक्या, उघड्या मैदानावरची स्टीलची उभारणी ही त्याची कामे. १८० फुटांची, म्हणजे पंचावन्न मीटर उंचीची यंत्रेही जगात आहेत. यार्डात कुठल्याही बूमला 'जेएलजी' म्हणतात, जसे खोदणाऱ्या कुठल्याही यंत्राला जेसीबी. ते नाव जॉन एल. ग्रोव्ह यांच्या आद्याक्षरांवरून आले आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १९६९ साली त्यांनी ती कंपनी काढली. फोनवर "जेएलजी पाठव" असे म्हटले तर काय येईल ते सांगता येत नाही, म्हणून मॉडेल सांगा.

स्पायडर लिफ्ट मला स्वतःला फार आवडते. रबरी पट्ट्यांवर चालणारे अंग इतके अरुंद की साध्या दारातून, ८०-९० सेंटिमीटरच्या वाटेने आत जाते, आणि आत गेल्यावर कोळ्यासारखे चार पाय पसरून उभे राहते. वजन चाकांच्या बूमपेक्षा खूप कमी. मोठ्या हॉटेलांचे, मॉलचे काचेचे छत, जुन्या वास्तूंचे आतले घुमट, जिथे फरशी नाजूक आणि दार लहान, तिथे तिच्यासारखे दुसरे यंत्र नाही. पण प्रत्येक नव्या जागी पाय उचला, हलवा, पसरा, पातळी साधा. एका जागेवरून बरेच काम असेल तर उत्तम, दर तीन मीटरवर एक दिवा असेल तर दिवस पाय पसरण्यातच जाईल.

गाडीवरचे बूम तुम्ही रोज रस्त्यावर पाहता. नगरपालिकेची दिवे बदलणारी, गणपतीच्या आधी मिरवणुकीच्या वाटेवरच्या फांद्या छाटणारी ती गाडी. अग्निशमन दलाकडचे उंच प्लॅटफॉर्म हेही याच कुळातले. यात एक भेद जिवावरचा आहे. विजेच्या तारांवर काम करणाऱ्या गाड्यांचा वरचा हात फायबर ग्लासचा असतो आणि त्याची विद्युतरोधक चाचणी नियमित होते. भाड्याने मिळणारे साधे बूम आणि सिझर पूर्ण लोखंडी असते. टोपलीला रबर किंवा फायबर दिसले म्हणून ते विद्युतरोधक होत नाही. अमेरिकेतला नियम ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान ३ मीटर अंतर सांगतो. तुमच्या पन्हळीच्या बाजूने ११ केव्हीची लाइन जात असेल तर महावितरणकडून ती बंद करून घेतल्याखेरीज तिथे टोपली नेऊ नका. आणि हे अंतर बूमच्या टोकापासून मोजायचे नाही. माणसाच्या हातातल्या लांब पाइपापासून, पत्र्याच्या कडेपासून मोजायचे.

इमारतींसाठीच्या यंत्रांचे दोन प्रकार उरले. दातेरी खांबावर चढत जाणारा मास्ट क्लाइंबर आणि गच्चीवरून तारेवर लोंबणारा गोंडोला. टॉवरच्या बाहेरच्या रंगाला, काचेला ते योग्य. गोंडोल्यात प्रत्येक माणसाची जीवनदोरी पाळण्यापासून वेगळी, थेट गच्चीला बांधलेली हवी, एवढे सांगून पुढे जातो, कारण तुमच्या कामाशी त्यांचा संबंध नाही.

जमिनीबद्दल मात्र सविस्तर लिहितो. ३२ फुटी, ४६ इंची सिझरचे वजन पावणेतीन टनांच्या आसपास. फळीवर तीनशे किलो धरले तर तीन टन झाले, आणि ते चार लहान, भरीव टायरांवर. एका टायरचा फरशीला टेकणारा भाग तळहाताएवढा असतो. ४५ फुटी बूम साडेसहा-सात टनांचा, आणि अरुंद वाटेत जाण्यासाठी बनवलेला अरुंद बूम रुंद बूमपेक्षा हलका असेल असे वाटते, पण तसे नसते. पाया अरुंद केला की तोल साधायला मागे जास्त लोखंड भरावे लागते. शिवाय बूम एका बाजूला पूर्ण पसरला की यंत्राचा जवळजवळ निम्मा, कधी त्याहून अधिक भार एकाच चाकावर येतो. कोपऱ्यातले एक चाक, आणि त्याखाली साडेतीन टन.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी शिकवायला गेलो होतो. फरशी आरशासारखी, हिरवा इपॉक्सी रंग दिलेली. सिझर वाटेने पुढे जात होते, फळी अर्ध्यावर होती. मी मागून चालत होतो. उजव्या पुढच्या चाकाखालून खट् असा आवाज आला, पापड मोडल्यासारखा. मी थांब म्हणून ओरडलो. खाली वाकून पाहिले तर रंगाखाली एक सरळ, केसाएवढी रेघ उमटली होती. केबलच्या ट्रेंचवर सिमेंटची झाकणे टाकून वरून सलग रंग दिला होता, आणि त्या विभागातल्या कोणालाही आता आठवत नव्हते की इथे ट्रेंच आहे. चाक दोन सेंटिमीटर खचले होते. सिझरच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या असतात, फळी वर जायला लागली की त्या खाली उतरतात आणि जमिनीपासून दोन बोटांवर राहतात. पॉटहोल गार्ड म्हणतात त्यांना. चाक खड्ड्यात गेले तर यंत्र त्या पट्टीवर टेकते आणि उलटत नाही. त्या दिवशी त्या पट्टीनेच दोन माणसे वाचवली. पट्टी वाकलेली असती, किंवा मध्ये लाकडाचा तुकडा अडकून ती उतरलीच नसती, तर गोष्ट वेगळी झाली असती. म्हणून यंत्र उतरवून घेताना मी आधी खाली वाकून त्या पट्ट्या बघतो, रंग-बिंग नंतर.

तुम्ही सिव्हिलवाल्यांकडून ट्रेंच, चेंबर, डक्ट, भूमिगत टाकी यांचा नकाशा काढा आणि खडूने फरशीवर आखा. नकाशा नसेल तर लाकडी हातोडीने वाजवत जा, पोकळ जागेचा आवाज कानाला लगेच कळतो. शंका असेल तिथे जाड लोखंडी प्लेट टाकून दोन्ही बाजूंना पक्क्या फरशीवर टेकवा, पण प्लेटची जाडी कोणीतरी हिशेब करून सांगू दे, अंदाजाने नको. बाहेर पन्हळीच्या बाजूला वेगळा धोका आहे. तिथे नव्याने केबल टाकून वर मुरूम पसरलेला असतो. वरून घट्ट दिसतो, एक पाऊस पडला की आतून बसतो.

उतारही बघा. बहुतेक लहान सिझर आडव्या दिशेने दीड अंश आणि लांबीच्या दिशेने तीन अंश कलंडले की भोंगा वाजवून वर जाणे थांबवतात. दीड अंश डोळ्याला दिसत नाही. तो भोंगा वाजला की ऑपरेटर वैतागतो आणि सेन्सर बिघडलाय म्हणतो. सेन्सर बहुधा बरोबर असतो.

आता वारा. तुमचे काम मे महिन्यात आहे, म्हणून हे जास्त महत्त्वाचे. बाहेर वापरायला मान्य असलेल्या यंत्रांची मर्यादा साधारण १२.५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. अनेक बॅटरी सिझरच्या पाटीवर आत दोन माणसे आणि बाहेर एकच माणूस असे लिहिलेले असते, काहींना बाहेर न्यायची मनाईच असते. पाटीवर बाहेरच्या वाऱ्याचा आकडा शून्य असेल तर उघड्या शटरच्या तोंडाशीही ते उभे करू नका. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४५ किलोमीटरला एका चौरस मीटरवर साधारण दहा किलोचा रेटा येतो. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद पत्रा हातात धरला की तीस किलोचा आडवा धक्का टोपलीच्या टोकाला लागतो, आणि तो यंत्राच्या हिशेबात कुठेच धरलेला नसतो. ताशी ८५ ला तोच रेटा साडेतीन पटींनी वाढतो.

८५ चा आकडा उगाच घेतलेला नाही. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात ऑक्टोबर २०१० मध्ये फुटबॉलच्या सरावाचे चित्रीकरण करायला एक विद्यार्थी सिझर लिफ्टवर चढला होता. फळी सुमारे बारा मीटरवर होती, तुमच्या शेडच्या माथ्याएवढी. ताशी ८५ किलोमीटरच्या आसपासच्या झोताने लिफ्ट उलटली आणि तो गेला. वीस वर्षांचा मुलगा होता. मी प्रत्येक वर्गात ही घटना सांगतो, कारण त्या दिवशी वारा अचानक आला नव्हता, तो सकाळपासून होता. आपल्याकडचा वळवाचा वारा तर सकाळी नसतोच. दुपारी तीनपर्यंत पान हलत नाही आणि मग दहा मिनिटांत धुळीचा लोट येतो. म्हणून पुण्याच्या पट्ट्यात मे महिन्यातले बाहेरचे आणि पत्र्याचे काम मी सकाळी सहाला सुरू करून दुपारी दोनला थांबवतो. हातात धरायचा वारामापक फार महाग नसतो, तो टोपलीत वर न्या. खाली उभे राहून बारा मीटरवरचा वारा कळत नाही.

टोपलीतल्या वजनाचा हिशेबही त्याच कागदावर करा. बूमच्या टोपलीची क्षमता बहुधा २२७-२३० किलो. दोन माणसे १६० किलो, हार्नेस (अंगावर बांधायचे सुरक्षा पट्टे) आणि हत्यारे १५-२०, उरले पन्नास. तीन मीटरचा सिमेंटचा जुना पत्रा चाळीस किलोंच्या पुढे जातो, त्यावर वर्षांची धूळ आणि शेवाळ. म्हणजे एक पत्रा, तोही काठावर. पत्रे टोपलीच्या कठड्यावर आडवे टाकून खाली आणू नका. त्यांच्यासाठी वेगळा दोर-कप्पी लावा किंवा तो हायड्रावाला इथे कामाला येईल.

पत्र्यांचे आणखी एक. सिमेंटच्या पत्र्यावर चालताना माणसे बोल्टच्या ओळीवर पाय ठेवतात, खाली पर्लिन, म्हणजे पत्रे पेलणारी आडवी लोखंडी पट्टी, आहे म्हणून सुरक्षित समजतात. जुना पत्रा बोल्टच्या भोकापाशीच तडकलेला असतो. तो वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम जातो. महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींत माणसे अशी पडत आली आहेत, आणि बहुतेक वेळा ती पत्रे बदलायलाच वर गेलेली असतात. तुमच्याकडे बूम आहेच, तर पत्र्याचे बोल्ट खालून, टोपलीतून सोडवा. वर जावेच लागले तर पर्लिनवर टेकणाऱ्या फळ्या, खाली ताणलेली जाळी आणि दोरीला बांधलेला माणूस हे तिन्ही हवे. टोपलीतून छतावर पाऊल टाकणे हे वेगळे काम आहे. यंत्राच्या पुस्तिकेत परवानगी नसेल तर ते करायचेच नाही.

हार्नेसबद्दल गैरसमज खूप आहेत. बूममध्ये हार्नेस सक्तीचा, आयएस ३५२१ प्रमाणे, आणि त्याची दोरी आखूड हवी, टोपलीतल्या खुणेच्या कडीला अडकवलेली. बूमचे चाक दहा सेंटिमीटर खड्ड्यात आपटले तर पंधरा मीटरवरच्या टोकाला त्याचा फटका कितीतरी वाढून बसतो, आणि माणूस गोफणीतल्या दगडासारखा उडतो. आखूड दोरी त्याला टोपलीतच ठेवते. पावणेदोन मीटरची शॉक अॅब्सॉर्बरवाली लांब दोरी त्याला आधी बाहेर जाऊ देते आणि मग थांबवते, आणि सहा-सात मीटर खाली मोकळी जागा नसेल तर थांबवतही नाही. टोपलीतली दोरी जवळच्या ट्रसला, म्हणजे छताच्या लोखंडी सांगाड्याला, अडकवणे तर कधीच नको. टोपली खाली गेली आणि माणूस वर राहिला, असे होते. सिझरमध्ये मुख्य संरक्षण कठडा आहे. कारखान्याचा नियम हार्नेस म्हणत असेल तर घाला, पण कठड्याच्या दांडीला न अडकवता दाखवलेल्या कडीलाच.

शेडच्या आत पडण्याइतकाच मोठा धोका चिरडण्याचा असतो. ऑपरेटर वर बघत टोपली उचलतो, मागे ट्रस आहे हे विसरतो, पाठ ट्रसला आणि छाती कंट्रोलच्या पॅनेलला. छाती पॅनेलवर दाबली गेली की हातही जॉयस्टिकवर दाबला जातो आणि टोपली वरच जात राहते. नव्या यंत्रांत पॅनेलसमोर एक दाबपट्टी असते, अंग टेकले की सगळे थांबते. अशी पट्टी असलेलेच यंत्र मागा, तुमच्याकडे ट्रसखाली काम आहे. बूमचा मागचा भाग फिरताना चाकांच्या बाहेर येतो, तोही यंत्रांच्या रांगेत कोणाला तरी दाबू शकतो. आणि बूम उलट्या दिशेला फिरवला की गाडीचे पुढे-मागे टोपलीतून उलटे होते. चॅसीवर आणि पॅनेलवर त्यासाठी रंगीत बाण असतात. नवा ऑपरेटर दर वेळी चालवण्याआधी ते बाण बोट लावून जुळवतो, आणि मी जुन्यालाही तेच करायला लावतो.

क्रेनचा मुख्य स्विच बंद, त्यावर कुलूप, किल्ली टोपलीतल्या माणसाच्या खिशात. शटडाऊनमध्ये कोणीतरी एक जड डाय हलवायला क्रेन चालू करतोच.

खाली एक माणूस कायम हवा, मोबाइल बाजूला ठेवलेला. वरचा बेशुद्ध पडला किंवा बॅटरी गेली तर सिझरच्या मागे लाल दांडी असते, ती ओढली की फळी हळू उतरते. बूमला खालचे पॅनेल आणि बॅटरीवर चालणारा मदतीचा पंप असतो. खालच्या माणसाने सकाळी एकदा तरी टोपली खालून उतरवून दाखवली पाहिजे. किल्ली खालच्या पॅनेलमध्येच राहू द्या. शटडाऊनमध्ये ती सुपरवायझरच्या खिशात चहाला गेलेली मी पाहिली आहे.

भाड्याचे बोलताना: दर बहुधा २६ दिवस, २६० तासांचा, ऑपरेटरसह, वाहतूक वेगळी. चार दिवसांच्या कामालाही वाहतूक तेवढीच लागते, म्हणून तिन्ही कामे एका आठवड्यात बसवा. सक्षम व्यक्तीच्या तपासणीचा दाखला मागा. ब्रिटनमध्ये माणसे उचलणारे यंत्र दर सहा महिन्यांनी तपासावे लागते, मी इथेही सहा महिन्यांच्या आतलाच दाखला मान्य करतो. तो दाखला त्याच यंत्राचा आहे का, हे चॅसीवरच्या पाटीचा क्रमांक जुळवून बघा. विकत घेऊ नका. वर्षातून एक आठवडा चालणाऱ्या यंत्राची बॅटरी उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांत मरते.

तर तुमच्यासाठी: वाटेवरच्या दिव्यांना ३२ फुटी बॅटरी सिझर, ८१ सेंटिमीटर रुंदीचे मिळाले तर उत्तम. ४६ इंचीही सव्वादोन मीटरच्या वाटेत जाईल, पण वळणाचा कोपरा आधी टेपने मोजा. त्याची कामाची उंची पावणेबारा मीटर आहे. दिवे साडेनऊवर असतील तर भरपूर झाली, चाळीस फुटी जड यंत्र फरशीवर आणायचे कारण नाही. यंत्रांच्या डोक्यावरच्या दिव्यांना आणि पत्र्यांना ४० किंवा ४५ फुटी अरुंद बॅटरी बूम. बाहेरच्या पन्हळीला डिझेलचा ४५ फुटी आर्टिक्युलेटिंग बूम, तोही दोनच सकाळी. आतला आणि बाहेरचा बूम एकच करून पैसे वाचवायचा मोह होईल. बॅटरी बूमची टायर मुरुमात रुतते आणि डिझेलवाल्याचा धूर आत नको, म्हणून दोन वेगळे घ्या.

यंत्रे बुक करण्याआधी ट्रेंचचा नकाशा, दिव्याची जमिनीपासूनची खरी उंची आणि क्रेनच्या गर्डरची वरची पातळी, ही तीन मापे मला पाठवा. बूमच्या आलेखावर तुमचा छेद मी काढून देतो. गर्डर सात मीटरच्या वर असेल तर ४० फुटी कोपर त्याच्यावरून जाणार नाही, आणि मग क्रेन शेडच्या एका टोकाला उभी करूनच काम आखावे लागेल.